गप्प बसण्याचा कोर्स

बाई वर्गात गप्प बसल्याचं कुणाच्या पाहण्यात नव्हतं. खोकला झाला तर त्या दोन ढासांच्या मधल्या जागेत बोलायच्या. वीस-बावीस वर्षं त्या एका खासगी क्लासमध्ये मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत होत्या आणि विद्यार्थी त्यांना पाठीमागे रेडिओबाई म्हणत. ते बाईंच्या कानावर आलं होतं. त्यात त्यांना वावगं काही वाटलं नाही. रेडिओ माणूस ऐकायलाच लावतो, असं त्यांचं म्हणणं.

एक खोड मात्र त्यांना होती, जी रेडिओलाही नसते. समोरच्याचं वाक्य त्या पुरं करून द्यायच्या. विद्यार्थी उभा राहून इंग्रजीत "काल मी..." एवढं म्हणून पुढचा शब्द शोधायला छताकडे बघायला लागला, की बाई "बाजारात गेलो होतो" हे जोडून मोकळ्या. तो गेलेला असो नसो, बिचारा मान हलवून खाली बसायचा. बाईंच्या वर्गातली जवळजवळ सगळी माणसं रोज आदल्या दिवशी बाजारात जाऊन आलेली असत.

तर अशा या बाईंना क्लासच्या संचालकाने एक दिवस केबिनमध्ये बोलावलं. संचालक म्हणजे जुन्या सरांचा मुलगा. बाईंनी त्याला अर्ध्या चड्डीत पाहिलेला. आता तो प्रत्येक वाक्य 'बेसिकली'ने सुरू करायचा आणि 'असं आहे ते'ने संपवायचा; मध्ये फारसं काही नसायचं. या वेळी मात्र होतं. हल्ली लोक प्रवेश घेताना विचारतात म्हणे, की शिकवणाऱ्याकडे सर्टिफिकेट आहे का. तेव्हा बाईंनी इंग्रजी शिक्षकांचा तो महिन्याभराचा, सकाळी जुंपला की संध्याकाळी सुटणारा कोर्स करून यावं. पास झाल्या तर संध्याकाळचा वर्ग त्यांचाच. नाही झाल्या तर वर्ग दुसऱ्या कुणाकडे, आणि बाई बाहेर चौकशीच्या टेबलावर.

"बेसिकली फोन तुम्ही फार छान उचलता, बाई. असं आहे ते."

हे फोन उचलणं बाईंच्या जिव्हारी लागलं. संध्याकाळच्या वर्गात दिवसभर दुकानात उभी राहिलेली, गाड्या चालवलेली, इंजेक्शनं देऊन हात भरून आलेली माणसं यायची आणि पेंगत पेंगत का होईना, शिकायची. तो वर्ग गेला तर दिवे लागल्यावर आपण करायचं काय, हे बाईंना खरोखर सुचेना. त्यांनी कोर्सला नाव घातलं.

आधी फोनवर मुलाखत झाली. तुमच्या शिकवण्यात सुधारण्यासारखं काय आहे, असं पलीकडच्या बाईने विचारलं. बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला आणि सांगितलं, फळ्यावरचं अक्षर.

पहिल्याच दिवशी बाईंचं डोकं फिरलं. शिकवायला होती एक सडपातळ ट्रेनर. तिचा आवाज असा, की मांडीवर मांजर झोपलंय आणि ते उठता कामा नये. तिने आल्या आल्या जाहीर केलं, की इथे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतील. बाईंना नुसत्या नावाने हाक मारणारं शेवटचं माणूस म्हणजे त्यांची आई. इंग्रजीत तू काय आणि तुम्ही काय, सारखंच. पण बाईंच्या कानाला तो 'तू'च लागायचा. बरोबरच्या शिकाऊ शिक्षकांत एक नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली मुलगी होती, बाईंच्या लेकीच्या वयाची. तिचा आवाज इतका बारीक, की बाईंनी तासाभरात तिचं नाव चिमणी ठेवलं. चिमणीला काही बाईंना नावाने हाक मारणं जमेना. ती 'बाई'च म्हणाली, आणि तेवढ्यावर बाईंनी तिला पदरात घेतलं.

नावांचं आटोपलं, तर ट्रेनर एकदम भलत्याच भाषेत बोलायला लागली. कुठली भाषा ते सांगेना. नाकाला बोट लावायची, काहीतरी म्हणायची आणि सगळ्यांकडून म्हणवून घ्यायची. मग कान, मग खिडकी. असं बराच वेळ चाललं. विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी काय वाटतं ते शिक्षकाला कळावं म्हणून हा खेळ, असं तिने शेवटी सांगितलं. बाईंना एवढंच कळलं, की अर्धा दिवस गेला आणि पदरात पडलं एक नाक. तेही घरी पोचेपर्यंत विसरल्या.

कोर्स कसा होता म्हणाल, तर गिरणीसारखा. सकाळी पाठाची तयारी, दुपारी खऱ्या विद्यार्थ्यांसमोर पाठ, मग त्या पाठाची चिरफाड, मग ट्रेनरचं व्याख्यान, मग घरी निबंध. पाठ घ्यायच्या आधी त्याचा आराखडा लिहायचा. कुठल्या मिनिटाला काय करणार, का करणार, विद्यार्थी कुठे अडखळतील आणि अडखळले तर आपण काय करणार, हे सगळं आधी. बाईंचं म्हणणं, अडखळतील तेव्हा बघू. ट्रेनरचं म्हणणं, आत्ता बघ. शिवाय कुठलाच तास एकट्याचा नसायचा. बाई आणि चिमणी मिळून एक वर्ग. अर्धा वेळ हिचा, अर्धा तिचा. एक शिकवत असताना दुसरीने मागे बसून तिच्या चुका टिपायच्या.

विद्यार्थी म्हणजे फुकट शिकायला मिळतं म्हणून आलेली गावातली माणसं. एक नर्स, कापडाच्या दुकानातल्या दोन बहिणी, एक म्हातारे निवृत्त पोस्टमन, आणि एक लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. मेकॅनिक अंगाने भक्कम, पण इंग्रजी शब्द काढताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की कुणीतरी त्याच्या पायावर उभं आहे.

पहिला पाठ बाईंनी दणकून घेतला. उभ्या वर्गाला हसवलं, फळा भरला, सगळ्यांची वाक्यं पुरी केली. रंगात आल्यावर घड्याळाकडे बघायची त्यांना सवयच नव्हती. चिमणीच्या वाट्याला शेवटचा चतकोर वेळ आला. त्यात तिने हजेरी घेतली आणि तास संपला. ती बाथरूममध्ये जाऊन रडून आली. बाईंना वाटलं, घाबरली असेल.

मग चिरफाड. ट्रेनर कधीच थेट बोलायची नाही. आधी मान कलती करायची आणि विचारायची, तुला स्वतःला कसं वाटलं? बाई म्हणाल्या, छान. ट्रेनर म्हणाली, आणखी? बाई म्हणाल्या, खूप छान. ट्रेनरने आपल्या मांडीवरचं ते अदृश्य मांजर थोपटलं आणि कागद पुढे केला. त्यात तिने कोण किती वेळ बोललं याच्या रेघा काढल्या होत्या. बाईंची रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत. मेकॅनिकची रेघ म्हणजे एक ठिपका होता. तो एकदा 'येस' म्हणाला होता.

"तू विद्यार्थ्याला विचार करायला जागाच ठेवत नाहीस," ट्रेनर म्हणाली. "प्रश्न विचार, आणि थांब."

"थांबून काय करू?"

"काही नाही. थांब."

लगेच दुसऱ्या दिवशी व्याख्यानाचा विषय तोच निघाला, शिक्षकाने वर्गात कमी कसं बोलावं. ट्रेनर जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलली आणि सुट्टीनंतर राहिलेलं बोलली. शेवटी तिने काही शंका आहेत का म्हणून विचारलं, तेव्हा बाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, शंका नाही, पण कमी बोलण्यावर तुम्ही सकाळपासून बोलताय. मागे कुणीतरी फिसकन हसलं. ट्रेनर गोड हसली, मुद्दा चांगला आहे म्हणाली आणि बोलायला लागली.

घरी बाईंनी उच्छाद मांडला. कोर्समध्ये शिकवलं होतं, की नुसती सूचना देऊन भागत नाही. समोरच्याला ती कळली का, हे छोटे छोटे प्रश्न विचारून तपासायचं, आणि 'कळलं का' असं मात्र कधी विचारायचं नाही. बाईंनी तो प्रयोग सासूबाईंवर केला. गोळी हातावर ठेवली आणि म्हणाल्या, ही गोळी तुम्ही चावणार की गिळणार? जेवणाआधी घेणार की नंतर? एकट्याने घेणार की जोडीने? सासूबाईंनी गोळी गिळून टाकली. मग आतल्या खोलीकडे तोंड करून मुलाला म्हणाल्या, अरे, हिला एकदा डॉक्टरला दाखव.

मुलगा, म्हणजे बाईंचे यजमान, पाणीपुरवठा खात्यात कारकून होते. माणूस अबोल. अबोल म्हणजे लग्नाच्या वेळी नव्हते, पुढे झाले. त्यांचीही वाक्यं बाई पुरी करायच्या, त्यामुळे सुरुवात केली तरी पुरे व्हायचं. कोर्सच्या काळात त्यांच्याकडे कात्रीचं खातं आलं होतं, कारण या कोर्समध्ये प्रत्येक पाठाला कागदाच्या चिठ्ठ्या लागतात. वाक्यं छापून आणायची, त्यांचे तुकडे करायचे आणि विद्यार्थ्यांनी ते पुन्हा जोडायचे. जोडायचेच तर तोडले कशाला, असं यजमानांनी एकदा विचारायला घेतलं होतं. तेही अर्ध्यात राहिलं.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी बाई जेवणाच्या टेबलावर आराखडा लिहीत होत्या आणि यजमान समोर बसून कापत होते. ऑफिसात फायली सरळ ठेवणारा हात तो. चिठ्ठ्या अशा एकसारख्या पडत होत्या, की बघत राहावं. मध्येच ते म्हणाले, "अगं, हे जे मी..."

"हो, हो, कात्री बोथट आहे. उद्या धार लावून आणते."

थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "नाही, पण यात तर..."

"चहा टाकते पाच मिनिटांत. एवढं होऊ दे."

तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, पंखा बंद करू का, चिठ्ठ्या उडतायत.

चिठ्ठ्या उडत नव्हत्या. शेवटची चिठ्ठी कापून झाल्यावर बाईंनी गठ्ठा उचलला आणि वरची वाचली. मग दुसरी वाचली. तो त्यांचा निबंध होता. दुसऱ्या दिवशी द्यायचा, चार दिवस डोकं घालून लिहिलेला, आणि हाताने लिहिलेला, कारण कॉम्प्युटरशी बाईंचं जमत नव्हतं.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग यजमानांवर सुटल्या. माणसाने कापण्याआधी वाचू नये का, हाताने लिहिलेलं आणि छापलेलं यातला फरक दिसत नाही का, सरकारने नोकरीत ठेवलंय कशाला. यजमान कात्री खाली ठेवून ऐकत राहिले. बाई श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा ते म्हणाले, "मी तीनदा सांगत होतो."

इतकंच. पण ते वाक्य त्यांनी पुरं केलं होतं, आणि बाईंना त्यापुढे काही जोडता येईना. दोघं बसले आणि निबंधाचा एकेक तुकडा जोडून डिंकाने चिकटवायला लागले. निबंधाचा विषय होता, अडखळणाऱ्या विद्यार्थ्याशी शिक्षकाने कसं वागावं. बाईंना तो वाचवत नव्हता.

यातून बाई सुधारल्या असं कुणाला वाटेल, तर तसं काही झालं नाही. खोड ती खोड. पुढच्या पाठात त्यांनी जीभ दाताखाली धरली, तर हात बोलायला लागले. मेकॅनिक 'काल मी' म्हणाला की त्या हाताने पिशवी धरल्याची खूण करायच्या, की पुन्हा आपला बाजार. ट्रेनरने त्यांना बाजूला घेतलं आणि या वेळी मान कलती केली नाही. म्हणाली, शेवटचा पाठ या दर्जाचा झाला तर मी तुला पास करू शकणार नाही. बाईंना त्या क्षणी चौकशीचं टेबल दिसलं, त्यावरचा फोन दिसला, आणि तो छान उचलणाऱ्या आपण दिसलो.

शेवटच्या पाठासाठी बाईंनी काय नाही केलं. विषय होता, कामावरचा तुमचा सगळ्यात वाईट दिवस. त्यांनी चित्रं काढली. यजमानांनी चिठ्ठ्या कापल्या, आधी वाचून. आराखड्यात मिनिटामिनिटाला लिहिलं होतं, इथे मी थांबेन. पाठाचा क्रम असा, की आधी चिमणी, मग बाई.

चिमणीने एक खेळ घेतला. दोन गट, एकाने अभिनय करायचा आणि दुसऱ्याने ओळखायचं. वर्ग जो पेटला, तो विझेना. पोस्टमन विमान झाले. कापडाच्या दुकानातल्या बहिणींचं आपसात जुंपलं. चिमणीची वेळ संपली. मागे बसलेल्या बाईंनी मनगटावर बोट आपटलं. चिमणीने पाहिलं, आणि वर्गाला आपल्या त्या बारीक आवाजात थांबा म्हणाली. ते पहिल्या बाकालासुद्धा ऐकू गेलं नाही. बाईंनी दोन्ही हात वर केले, उभ्या राहिल्या, बसल्या. चिमणी रडवेली होऊन 'थांबा ना' म्हणत राहिली आणि पोस्टमन पुन्हा विमान झाले. बाईंच्या आराखड्यातला एकेक 'इथे मी थांबेन' डोळ्यांदेखत वाहून जात होता.

शेवटी बाईंना फळा मिळाला तेव्हा त्यांच्या अर्ध्यातला जेमतेम निम्मा वेळ उरला होता. चित्रं लावायला वेळ नाही, चिठ्ठ्या वाटायला नाही. त्या वर्गापुढे उभ्या राहिल्या, तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं, की आता तोंडातून जे बाहेर पडेल ते इंग्रजी नसेल, शिकवणं नसेल आणि ट्रेनरसमोर बोलण्यासारखं तर मुळीच नसेल. ते सगळं चिमणीसाठी असेल. त्यांनी तोंड मिटलं. वळून फळ्यावर प्रश्न लिहिला, इतक्या जोरात की खडू मोडला. राहिलेला तुकडा मेकॅनिकवर रोखला आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

मेकॅनिक दचकला. वर्ग गप्प झाला. बाईंच्या नाकपुड्या फुलत होत्या.

"लिफ्ट," मेकॅनिक म्हणाला. आणि थांबला.

एरवी बाईंनी 'बंद पडली' म्हणून टाकलं असतं. पण त्या आत्ता चिमणीला मनातल्या मनात धुऊन काढत होत्या. मेकॅनिकने छताकडे पाहिलं, बाईंच्या हातांकडे पाहिलं. कुठूनच काही येईना. मग त्याने स्वतःच जोर लावला.

"सेक्रेटरी," तो म्हणाला. "बिल्डिंगचा. तो म्हणतो, कामाचा माणूस, लिफ्ट नाही. जिना."

नर्स म्हणाली, "काय? तू लिफ्टवाला. तुला जिना?"

"मला जिना. वर, वर, वर. हातात हत्यारं. मी लिफ्ट दुरुस्त करतो. मग मी आत, बघायला, चालते का. सेक्रेटरी धावत येतो. म्हणतो, फुकट बसतो? तो आत. दार बंद."

तो थांबला. त्याच्या पायावर आता कुणी उभं नव्हतं. तो थांबला होता तो मजा यावी म्हणून.

"लिफ्ट चालते. थोडी. मग नाही."

वर्ग फुटला. पोस्टमननी विचारलं, मग सेक्रेटरी काय म्हणाला. मेकॅनिक म्हणाला, म्हणाला की जिना कुठे आहे. मग नर्सने आपला वाईट दिवस काढला, एका बहिणीने नर्सला मध्येच अडवून प्रश्न विचारला, पोस्टमन कुत्र्यांवर आले. मोडकं इंग्रजी सगळ्यांचं, पण कुणी कुणासाठी थांबेना. बाई फळ्याला टेकून उभ्या होत्या, हाताची घडी तशीच. घंटा झाली तेव्हा त्यांनी तोंडातून काढलेला पहिला शब्द 'थँक्यू' होता.

चिरफाडीला ट्रेनरचं मांजर उठून पळालंच. तिचा आवाज चक्क चढला होता. ती शांतता, म्हणाली, ती शांतता या कोर्समधली सगळ्यात धाडसी गोष्ट होती. तू ती कशी साधलीस? बाई म्हणाल्या, सुचलं तसं. राग आला होता म्हणून, हे सांगावंसं वाटलं. पण त्याच्या मागून कुणाचा, हे विचारलं गेलं असतं.

तो विषय तसाही निघालाच. ट्रेनर चिमणीकडे वळली. एवढा वेळ का घेतलास, तुझ्या जोडीदाराचा पाठ बुडू शकत होता हे कळलं का, असं तिने त्याच मऊ आवाजात विचारलं. हा चिमणीचाही शेवटचा पाठ होता. ती टेबलाकडे बघत बसली. तिच्या तोंडातून "मी..." एवढं निघालं, आणि पुढे काही येईना.

बाईंनी थांबायला हवं होतं. महिनाभर तेवढंच शिकवलं होतं.

"आमचं ठरलं होतं," बाई म्हणाल्या. "तिचा खेळ रंगला तर रंगू द्यायचा, माझं मी बघेन, असं."

ट्रेनरने दोघींचे आराखडे उलटसुलट करून पाहिले. यात कुठेच लिहिलेलं नाही, म्हणाली. लिहायचं राहिलं, असं बाईंनी सांगितलं. मग तिने दोघींच्याही नावापुढे नियोजन कच्चं असा शेरा मारला. बाईंचा त्या दिवसाचा वरचा दर्जा तेवढ्यावर हातचा गेला. पण दोघीही पास झाल्या. काठावर, पण पास.

बाहेर पडून रस्त्याला लागेपर्यंत बाई काही बोलल्या नाहीत. कोपरा वळल्यावर सुरू झाल्या. खेळ घ्यायचा तर थांबवता यायला हवा, आपल्या अंगात नसेल तर शिट्टी आणावी, डबा वाजवावा. माझी चित्रं घडी न मोडता घरी चालली आहेत, त्या माणसाने जिवाचं रान करून कापलेल्या चिठ्ठ्या मी आता कुठे घालू. आणि वर माझ्या नावापुढे कच्चं. वीस-बावीस वर्षांत मला कुणी कच्चं म्हटलं नव्हतं. चिमणी शेजारून खाली मान घालून चालत होती. बस स्टॉपवर एक बस आली आणि गेली. बाईंनी बसकडे पाहिलंसुद्धा नाही.

मध्येच फोन वाजला. संचालक होता. "बेसिकली बाई, काय झालं ते..."

"झाले पास. सोमवारपासून वर्ग माझा. फोन उचलायला दुसरं कुणी बघ." त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि चिमणीकडे वळल्या. "कुठे होते मी?"

"माझ्या आवाजावर, बाई."

"नाही, तिथे अजून आलेच नव्हते. बरं झालं आठवण केलीस," बाई म्हणाल्या, आणि दुसरी बसही त्यांनी जाऊ दिली.